टाळं नको, दंड हवा

प्रश्न : भोसरीत आमच्या घरामागे कोळशावर बॉयलर चालवणारा कारखाना आहे. रात्रपाळीला धूर वाढतो, दोरीवरचे कपडे काळे पडतात. तक्रार केली की तपासणी होते आणि रिपोर्ट ‘मर्यादेत’ येतो. एवढे कायदे असून असं का? कारखाना बंद व्हावा असंही वाटत नाही, गल्लीतली मुलं तिथेच कामाला आहेत.
— एक वाचिका, भोसरी

उत्तर : ताई, माझी सगळी नोकरी कारखान्यांच्या चिमण्यांवर चढून धुराचे नमुने घेण्यात झाली, म्हणून आधी रिपोर्टचंच सांगतो. शिडीने वर जायचं, पोर्ट म्हणजे चिमणीला ठेवलेलं भोक उघडून नळी आत सारायची, धूर ओढायचा आणि थिंबलमध्ये, म्हणजे नळीतल्या गाळणीत, अडकलेल्या धुळीचं वजन करायचं. मात्र त्या दिवशी बॉयलरवर लोड कमी असतो, कोळसाही निवडक. वर खासगी लॅबचं बिल कारखानाच भरतो! गुजरातेत संशोधकांनी नेमकं हेच बदलून पाहिलं. प्रदूषण तपासणारे ऑडिटर चिठ्ठ्या टाकून नेमले, त्यांना पैसे सामाईक निधीतून दिले, वर फेरतपासणी ठेवली. एरवी घनमीटरमागे १५० मिलिग्रॅम धुळीच्या मर्यादेच्या जरा खाली गर्दी करणारे आकडे खरे येऊ लागले आणि कारखान्यांचं प्रदूषणही घटलं.

आता शिक्षेचं. १९८१ च्या हवा कायद्यात ६ वर्षांपर्यंत तुरुंग होता, नाहीतर कारखान्याला टाळं. एवढा बडगा सहसा कुणी उगारत नाही. २०२४ पासून तुरुंगाऐवजी मुख्यतः १० हजार ते १५ लाखांपर्यंत दंड आला. मला हे पटतं, अर्थात वसुली झाली तर.

सुरतेत २०१९ पासून याहून पुढचं पाऊल पडलं. कापड कारखान्यांच्या चिमण्यांवर सतत धूळ मोजणारी यंत्रं बसवली, सगळ्यांची मिळून कमाल धूळ ठरवली आणि तेवढीच धूळ सोडण्याचे परवाने काढले. धूळ कमी सोडणारा उरलेले परवाने विकतो. ज्याला कमी पडतात त्याने आधी भरलेल्या अनामतीतून पैसे कापले जातात. धूळ २० ते ३० टक्क्यांनी घटली, कारखाने चालूच राहिले. आपल्याकडच्या छोट्या फाउंड्रींना (धातू वितळवून ओतणाऱ्या कारखान्यांना) हे जमणं कठीण, त्यांचा बराचसा धूर चिमणीऐवजी पत्र्यांच्या फटीतून बाहेर पडतो. बॉयलरवाल्यांना मात्र सहज लागू करता येईल.

तोवर तुम्ही माहितीच्या अधिकारात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्या कारखान्याचं संमतीपत्र, म्हणजे मंडळाने त्याला दिलेली परवानगी, मागा. त्यात कोणतं इंधन, किती आणि चिमणी किती उंच हे लिहिलेलं असतं. तक्रारीत धुराची तारीख आणि वेळ घाला, आणि तपासणी रात्रपाळीतच व्हावी असं स्पष्ट लिहा.