वळचणीची फळी कुजली आहे आणि पन्हळ गळते, तर आधी काय दुरुस्त करून घ्यावं?

पत्रा मारू देऊ नका. बाकीचं उत्तर सवडीने वाचलंत तरी चालेल, पण एवढं मिस्त्रीला आजच फोन करून सांगा.

तुम्ही लिहिलंय की बडोद्याच्या दांडिया बाजारात सासऱ्यांचं दुमजली कौलारू घर आहे, रस्त्याच्या बाजूची वळचणीची फळी मध्येमध्ये कुजली आहे, तिच्यावर बसवलेली पत्र्याची पन्हळ सांध्यांतून गळते, आणि मिस्त्री म्हणतो, ‘पतरुं मारी दईए, बधुं ढंकाई जशे.’ वर पीव्हीसीची नवी पन्हळ लावायची आणि सगळं १५ जूनच्या आत उरकायचं. झाकलं जाईल हे खरं, पण अडचण तीच आहे. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला ओल लागते. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर ती वाढत नाही. ओल्या फळीवर पत्रा ठोकला की आतलं पाणी आतच कोंडतं, खिळ्यांच्या भोकांतून नवं शिरतं, आणि काही पावसाळ्यांनी फळी, पत्रा, पन्हळ सगळं एकदमच रस्त्यावर येतं. मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेतो, त्यात असे पत्रे बरेचदा काढले आहेत. बाहेरून रंग अगदी नीट. मागे मात्र लाकडाला आडव्या-उभ्या भेगा जाऊन चौकोनी खपल्या झालेल्या असतात, आणि खपली दोन बोटांत चोळली की तपकिरी भुकटी हातात येते. तोवर ओल फळीतून वाशांच्या टोकांपर्यंत गेलेली असते, आणि काम फळीचं राहत नाही, छपराचं होतं.

म्हणून क्रम असा: आधी पाणी कुठून येतं ते शोधा, मग लाकूड, आणि पन्हळ सगळ्यात शेवटी. पन्हळ लाकडाच्या जिवावर उभी असते, त्यामुळे कुजक्या फळीत नवे ब्रॅकेट पकडणारच नाहीत.

पाणी शोधायचं म्हणजे शिडी लावून पन्हळीच्या मागे बघायचं. फळीची पुढची बाजू सगळ्यांना दिसते, पण सडते ती बहुधा मागची आणि वरची कड. कौलांची शेवटची ओळ पन्हळीच्या आत दोन-अडीच इंच यायला हवी. जुन्या घरांत रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, खाली बसतात, ती ओळ मागे सरकते, आणि पागोळी पन्हळीत पडायच्या ऐवजी फळीच्या मागे उतरते. दुसरं कारण म्हणजे पन्हळ घराच्या बाजूला कलंडलेली असणं. मग ती भरली की आतल्या कडेवरून वाहते, सरळ फळीवर. तिसरं आपल्या बडोद्याचं खास: उत्तरायण. चौदा जानेवारीला आख्खं गाव छपरावर असतं. पाय पडून कौलं फुटतात आणि फाटलेले पतंग पन्हळीत जाऊन बसतात. कागदाचा लगदा, कामट्या, मांजाचा गुंता आणि वर लिंबाचा पाला यांचा मिळून असा बोळा होतो की जूनच्या पहिल्या सरीला पन्हळीतून खाली उतरणाऱ्या पाइपच्या तोंडाशी पाणी अडलंच म्हणून समजा. तुमची फळी जर पाइपच्या जवळच जास्त कुजली असेल तर कारण बहुतेक हेच. सांध्यांखाली कुजली असेल तर सांधे. आणि सगळीकडे सारखीच कुजली असेल तर कौलांची ओळ तपासा.

आता लाकूड. एक डिसमिस (स्क्रू ड्रायव्हर) घ्या आणि दर वीतभर अंतरावर टोचत जा. टोक टणकन थांबलं तर लाकूड चांगलं. लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर तिथे खडूने खूण करा. वरच्या कडेला आणि वाशांच्या टोकांना विशेष टोचा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे, तिचा बंदोबस्त आधी, आणि तो जमिनीपासून करावा लागतो; नुसतं वर औषध मारून भागत नाही.

जुनी फळी सागाच्या गाभ्याची असेल तर ती सहसा फेकू नका. वलसाडी सागाचा जुना गाभा आज त्या दर्जाचा सहज मिळत नाही, आणि दोन-तीन फूट सडलं म्हणून चाळीस फूट काढून टाकणं हा सुताराच्या सोयीचा मार्ग आहे. सागातही कडेचं पांढुरकं लाकूड लवकर सडतं, गाभा टिकतो. तेव्हा नवं लाकूड घेताना ‘सागवान’ एवढ्या शब्दावर जाऊ नका, तुकड्याची दोन्ही टोकं बघा. सडलेला भाग काढताना दिसणाऱ्या कुजीच्या पुढे अर्धा-एक फूट चांगल्या लाकडात जाऊन कापायचं, आणि काप तिरका घ्यायचा. सरळ काटकोनात जोडलेला सांधा पाणी पितो. तिरका सांधा असा ठेवायचा की पाणी त्यावरून बाहेर घसरेल. साधे लोखंडी खिळे नकोत, गंजतात आणि गंजाच्या वाटेने पाणी आत जातं. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या. नव्या फळीच्या खालच्या कडेला मागच्या बाजूने एक बारीक खोबण मारून घ्या म्हणजे थेंब तिथेच तुटतो, मागे भिंतीकडे सरकत नाही. सुतार कुरकुर करेल, पण राउटर (खोबण पाडायचं यंत्र) असेल तर हे काम फार वेळाचं नाही.

कोरीव झालर असेल आणि सड तळहाताएवढी असेल, तर तेवढ्यासाठी तुकडा बदलायची गरज नाही. भुसभुशीत सगळं खरवडून कडक लाकडापर्यंत जायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग पातळ इपॉक्सी मुरवून वरून दोन भागांचं इपॉक्सी भरायचं आणि कानसेने नक्षी जुळवायची. भिंतीची पुट्टी भरू नका. ती सिमेंटची असते. लाकूड फुगतं-आकसतं तेव्हा ती हलत नाही आणि कडेने सुटते. वाशाच्या टोकाला मात्र इपॉक्सीचा भरवसा नाही, तो भार घेतो. तिथे कुजकं टोक कापून शेजारी नवा वासा लावायचा आणि बोल्टने आवळायचा.

रंगाबद्दल दोन गोष्टी. जुने थर कोरडे घासू नका, जाळूही नका. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत नव्वद भाग) वर नसावं हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे सासऱ्यांच्या घरावरच्या जुन्या थरांत शिसं असण्याची शक्यता धरूनच चालायचं. ओलं करून खरवडा, मास्क लावा, भुगा गोळा करा, लहान मुलांना लांब ठेवा. दुसरी गोष्ट: प्रायमर फळी बसवण्याआधी सगळ्या बाजूंनी लागला पाहिजे, मागून, वरून, आणि कापलेल्या टोकांना दोनदा. लाकूड टोकाकडून सगळ्यात जास्त पाणी ओढतं. बसवल्यावर फक्त पुढून रंगवलेली फळी म्हणजे पुन्हा तेच काम. रंगाऐवजी जवसाचं उकळलेलं तेल लावणार असाल तर त्याची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा, मग टाका. काही जण गाडीचं जळकं ऑइल फासायला सांगतात. त्यावर नंतर कुठलाच रंग धरत नाही, आणि उन्हात त्याचे ओघळ भिंतीवर येतात.

मिस्त्रीच्या पत्र्याला एका जागी मात्र जरूर काम द्या: कौलांच्या खालून निघून फळीच्या वरच्या कडेवरून पन्हळीत वळणारी एक अखंड पट्टी. मागे उतरणारं पाणी ती पन्हळीत आणून सोडते. पन्हळ बदलली आणि ही पट्टी वगळली तर नवी फळीही मागून सडायला लागेल.

पन्हळीचं माप ठरवायला थोडा हिशोब करा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमची रस्त्याकडची पाखी, म्हणजे छपराची उतरती बाजू, वरून बघितली तर चाळीस फूट बाय दहा फूट आहे असं धरू, म्हणजे साधारण ३७ चौरस मीटर. तासाला शंभर मिलिमीटरच्या सरीत सेकंदाला एक लिटर पाणी पन्हळीत येणार. एका चार इंची पाइपला ते जेमतेम झेपतं, आणि त्याच्या तोंडाशी एक पतंग अडकला की संपलं. म्हणून दोन टोकांना दोन पाइप घ्या. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळपास पाचशे मिलिमीटर पाऊस झाला होता. तशा दिवशी कुठलीही पन्हळ भरून वाहणारच, तेव्हा ती वाहील तर बाहेरच्या कडेवरून, हे बघायचं. बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा अर्धा इंच खाली ठेवा. उतार दर दहा फुटांना अर्धा इंच पुरतो. मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतार केला तर टोकाला एकच इंच फरक पडतो, रस्त्यावरून वाकडं दिसत नाही.

पीव्हीसी की पत्रा? दोन्ही चालतं, मी स्वतः अशा घराला चोवीस गेजच्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची पन्हळ देतो, कारण माकडं उड्या मारतात आणि कौल घसरून पडलं तरी पत्र्याला पोचा पडतो, तो फुटत नाही. कापलेल्या कडा मात्र रंगवून घ्याव्या लागतात, गंज तिथूनच सुरू होतो. पीव्हीसी घेतलंत तर तापमानाचा विचार करा. चार मीटरची लांबी पहाटेपासून भर दुपारपर्यंत आठेक मिलिमीटर वाढू शकते. सांधे घट्ट चिकटवून टाकले तर ते उन्हाळ्यात ताणले जाऊन सुटतात. रबराचे सरकते जोड लागतात. ब्रॅकेट कुठल्याही पन्हळीला दर दोन-अडीच फुटांवर हवेत, आणि स्क्रू वाशात गेला पाहिजे, नुसत्या फळीत नको.

मागच्या चौकाच्या (घराच्या अंगणाच्या) बाजूचं तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. तिकडे खाली मोकळी फरशी असेल आणि वळचण दोन फूट पुढे असेल तर पन्हळ लावूच नका. पागोळ्या खाली पडू द्या, फक्त जिथे पडतात तिथे उताराची दगडी पट्टी करून पाणी जोत्यापासून लांब न्या. जुन्या घरांना पन्हळी नसायच्याच, रुंद वळचणीवर निभायचं. नसलेली पन्हळ तुंबत नाही.

राहिलं वेळापत्रक. मे संपत आला असेल आणि फळी टोचून अर्ध्याहून जास्त मऊ लागली असेल तर जूनआधी घाईने लाकूडकाम उरकू नका. त्याऐवजी कुजकी फळी काढून टाका, लोंबणारी पन्हळ उतरवा, वाशांच्या टोकांना प्रायमर मारा आणि पावसाळा तसाच काढा. उघडं लाकूड भिजतं तसं वाळतंही. खालून लोक जातात, म्हणून लोंबकळतं काही राहू देऊ नका. नवी फळी दिवाळीनंतर बसवा, लाकूड तेव्हा वाळलेलं असतं. पन्हळ जमलं तर उत्तरायणाची धामधूम संपल्यावर.

आणि परांची सोडवण्याआधी वरून नळी लावून चांगलं अर्धा तास पाणी चालवा. खाली उभं न राहता शिडीवरून फळीच्या मागे हात घालून बघा. कोरडी लागली तर मिस्त्रीचे उरलेले पैसे द्या.