‘कारोत्सेरिया’ला मराठीत काय म्हणावं? पिनिनफारिनाच्या निमित्ताने

प्रश्न असा आहे: जुन्या इटालियन गाड्यांवरचा मजकूर मराठीत आणताना ‘कारोझेरिया पिनिन फारिना’ (Carrozzeria Pinin Farina, तोरिनो म्हणजे ट्यूरिनचा प्रसिद्ध कारखाना) हे नाव वारंवार येतं. यातल्या पहिल्या शब्दाला मराठीत ‘कारनिर्माता’ म्हणावं, ‘डिझाइन कंपनी’ म्हणावं, की ‘रथकार’ हा जुना शब्द वापरावा? शब्दाचा उच्चार काय? आणि पुढचं नाव कुठे तोडून तर कुठे जोडून छापलेलं दिसतं, त्यातलं बरोबर कोणतं?

माझ्या मते पहिल्या प्रश्नाचं उत्तर दापोडीत आहे. एसटी महामंडळ टाटा किंवा अशोक लेलँडकडून नुसत्या चेसिस, म्हणजे इंजिन-चाकांसह उघडे सांगाडे, घेऊन दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांमध्ये त्यांच्यावर बसची बॉडी बांधत आलं आहे. वर्तमानपत्रं त्याला ‘बसबांधणी’ म्हणतात. ट्रकमालकही नवी चेसिस घेतली की ‘बॉडी बांधायला टाकली’ असंच सांगतो. कारोत्सेरिया म्हणजे नेमकं हेच काम मोटारींसाठी करणारा कारखाना. आपल्याकडे क्रियापद तयार आहे, जिवंत आहे आणि रोज वापरात आहे. तेव्हा ‘बॉडी बांधणारा कारखाना’ किंवा सुटसुटीतपणे ‘बॉडीबांधणी कारखाना’ असं बिनदिक्कत लिहावं.

व्युत्पत्तीही याच बाजूने बोलते. इटालियनमध्ये कार्रो म्हणजे गाडा, त्यावरून कार्रोत्सा म्हणजे घोड्यांची बग्गी, आणि त्याला स्थळवाचक ‘-एरिया’ जोडून कार्रोत्सेरिया, म्हणजे बग्ग्या बांधण्याचं ठिकाण. मूळ लॅटिन ‘कार्रुस’, आणि तो रोमनांनी गॉल लोकांकडून घेतलेला शब्द. आपण रोज म्हणतो ती ‘कार’ इंग्रजीमार्गे त्याच घराण्यातून आली. घोडे गेले, इंजिन आलं, तरी कारखाने आणि कारागीर बऱ्याच अंशी तेच राहिले, म्हणून शब्दही टिकला. पुढे तो कारखान्यावरून खुद्द बॉडीलाही लागला. आजच्या इटलीत गाडीला पोचा पडला की ती जिथे नेतात त्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजलाही कारोत्सेरियाच म्हणतात. संदर्भ न बघता भाषांतर केलं तर जगप्रसिद्ध कारखान्याचं गॅरेज होईल, एवढं भान ठेवावं.

‘रथकार’ शब्द मला आवडतो, पण इथे बसत नाही. रथकार सगळा रथ घडवायचा, चाकं आणि आख धरून. कारोत्सेरियाचा मालक-कारागीर, म्हणजे कारोत्सिएरे, चाकांना आणि इंजिनाला हात लावत नसे. ती फियाटची, लान्चाची किंवा आल्फा रोमिओची. म्हणूनच ‘कारनिर्माता’ही चूक. ‘डिझाइन कंपनी’ हे आजच्या पिनिनफारिनाला लागू पडतं, १९३०च्या कारखान्याला नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण त्या दोन टोकांमध्येच या कारखान्याचा सगळा इतिहास आहे.

बाप्तिस्ता फारिना १८९३ साली पिदमाँत प्रांतातल्या कोर्तान्झे गावात जन्मला, अकरा भावंडांतला दहावा. पिदमाँती बोलीत ‘पिनिन’ म्हणजे लहानगा, धाकला. हे त्याचं घरचं नाव. थोरला भाऊ जोव्हान्नी याचा तोरिनोत ‘स्ताबिलिमेंती फारिना’ हा बॉडी बांधण्याचा कारखाना होता. पोरवयातच पिनिन तिथे कामाला लागला आणि पत्रा ठोकण्यापासून सगळं शिकला. (या जोव्हान्नीचा मुलगा नीनो फारिना १९५० साली फॉर्म्युला वनचा पहिला जगज्जेता झाला. जुन्या मजकुरात नुसतं ‘फारिना’ आलं तर काका, पुतण्या की थोरल्याचा कारखाना, हे तपासूनच पुढे जावं.) मे १९३०मध्ये पिनिनने तोरिनोतच स्वतःचा ‘कारोत्सेरिया पिनिन फारिना’ काढला. त्याला पाठबळ देणाऱ्यांत लान्चा मोटार कंपनीचा संस्थापक व्हिन्चेन्त्सो लान्चा होता.

त्या काळी हौशी आणि श्रीमंत गिऱ्हाईक मोटार कशी घेई? कंपनीकडून चेसिस, इंजिन, रेडिएटर एवढंच यायचं, धावू शकणारा पण उघडा सांगाडा. तो घेऊन माणूस आपल्या पसंतीच्या कारोत्सेरियाकडे जायचा. तिथे पूर्ण मापाचं चित्र निघे, त्यावरून लाकडी साचा तयार होई, आणि पत्रा त्या साच्याला लावून बघत हाताने ठोकून वळवला जाई. हे करणाऱ्या कारागिराला इटालियनमध्ये ‘बात्तिलास्त्रा’ म्हणतात, शब्दशः पत्रा ठोकणारा. पत्रा ताणला की पातळ होतो, आक्रसवला की जाड. दरवाजाच्या कडेपासून चाकावरच्या फुगवट्यापर्यंत तो एकसारखा जाडीचा ठेवणं हे हाताचं आणि कानाचं काम होतं. अशा एकेकट्या बांधलेल्या गाडीला ‘फुओरिसेरिये’ म्हणत, म्हणजे मालिकेबाहेरची. गाड्यांच्या प्रकारांची नावंही बग्ग्यांच्या जमान्यातून आली: ‘बेर्लिना’ हे बर्लिन शहरावरून पडलेलं बंद बग्गीचं नाव, आणि ‘बेर्लिनेत्ता’ म्हणजे छोटी बेर्लिना. फेरारीच्या गाड्यांवर हा शब्द दिसतो तेव्हा त्यामागे घोड्यांच्या टापा आहेत.

१९४७ची चिसितालिया २०२ ही पिनिन फारिनाने बॉडी बांधलेली गाडी पाहिली तर हातबांधणी कुठवर पोचली होती ते कळतं. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत बॉनेट वेगळं, मडगार्ड वेगळं, दिवे वरून बसवलेले. इथे ते सगळं एका सलग पत्र्यात वाहत जातं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१च्या मोटारींच्या प्रदर्शनात ती मांडली आणि पुढे संग्रहातही घेतली. बॉडी बांधणाऱ्याच्या कामाला शिल्पांच्या शेजारी जागा मिळाली, ही माझ्या दृष्टीने या कारखान्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. फेरारीशी जमलेली जोडीही त्याच सुमाराची. एन्झो फेरारी तोरिनोला जायला तयार नाही आणि पिनिन मोदेनाला, म्हणून दोघे मधल्या तोर्तोना गावी एका खाणावळीत भेटले. १९५२ साली पहिली गाडी आली, आणि पुढची साठ वर्षं, २०१२च्या एफ१२ बेर्लिनेत्तापर्यंत, रस्त्यावरच्या जवळपास सगळ्या फेरारींवर पिनिनफारिनाचा हात होता.

आता त्या प्रश्नाकडे, जो विचारला गेला नाही पण ज्यात शब्दाचं मर्म आहे: ट्रकची आणि बसची बॉडी आजही ‘बांधतात’, मग कारच्या बाबतीत हा शब्दप्रयोग का मागे पडला? कारण तंत्रात आहे. ट्रकला आजही स्वतंत्र चेसिस असते. मोटारीत मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर चेसिस आणि बॉडी एकजीव होत गेल्या. पत्र्याचं कवचच भार पेलू लागलं. (लान्चाने ‘लाम्ब्दा’मध्ये हे १९२०च्या दशकातच केलं होतं.) वर बॉडी चढवायला उघडा सांगाडाच मिळेना, तेव्हा कारोत्सेरियांचं मूळ कामच संपलं. अनेक कारखाने बंद पडले. थोरल्या भावाचा ‘स्ताबिलिमेंती फारिना’ही १९५०च्या दशकात मिटला. जे टिकले त्यांनी दोन वाटा धरल्या. एक, मोठ्या कंपन्यांसाठी कमी संख्येच्या गाड्या संपूर्ण बांधून देणं. दुसरी, नुसतं आरेखन विकणं. पिनिन फारिनाने दोन्ही केलं. आल्फाच्या जुलिएत्ता स्पायडरसारख्या गाड्या हजारोंनी बांधायच्या म्हणून १९५८मध्ये कारखाना तोरिनोलगतच्या ग्रुल्यास्कोला हलला. १९७२मध्ये तिथे पूर्ण आकाराच्या गाडीवर वाऱ्याचा परिणाम तपासणारा ‘वाऱ्याचा बोगदा’ (विंड टनेल) उभा राहिला, इटलीतला त्या प्रकारचा पहिला. कॅडिलॅक आलाँतेच्या वेळी तर १९८६पासून तयार बॉड्या बोइंग ७४७ विमानांत, एका खेपेला ५६, अशा तोरिनोहून डेट्रॉइटला जात आणि चेसिसशी त्यांची गाठ अमेरिकेत पडे. ‘बॉडी बांधणं’ हा शब्द अटलांटिक ओलांडून ताणला गेल्याचं हे उदाहरण.

बांधणीची ती वाट एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आटली. मोठ्या कंपन्या कमी संख्येच्या गाड्याही स्वतःच बनवू लागल्या आणि पिनिनफारिनावर कर्जाचा डोंगर झाला. त्यातच २००८च्या ऑगस्टमध्ये संस्थापकाचा नातू आंद्रेया स्कूटरवरून जाताना अपघातात गेला. डिसेंबर २०१५मध्ये पुण्याची टेक महिंद्रा आणि मुंबईची महिंद्रा अँड महिंद्रा यांनी मिळून सुमारे ७६ टक्के हिस्सा घेण्याचा करार केला. त्या काळाबद्दल लिहिताना ‘डिझाइन कंपनी’ म्हणणं योग्यच. पण महिंद्रांच्याच ‘आउतोमोबिली पिनिनफारिना’ने २०१९मध्ये दाखवलेली विजेवरची गाडी, संस्थापकाचं पाळण्यातलं नाव घेतलेली ‘बाप्तिस्ता’, तोरिनोजवळच्या काम्बियानोमध्ये हातानेच बांधली जाते, त्यामुळे तिच्यापुरतं जुनं क्रियापद बिनचूक लागू होतं.

उरले दोन तपशील. जोडून की तोडून? दोन्ही बरोबर, फक्त आपापल्या काळात. १९६१मध्ये इटलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने घरच्या नावासकट ‘पिनिनफारिना’ हे कुटुंबाचं अधिकृत आडनाव झालं, म्हणजे लाडाचं नाव कायमचं कागदावर आलं. तेव्हा १९६१पूर्वीच्या गाडीबद्दल ‘पिनिन फारिना’, नंतरच्या गाडीबद्दल ‘पिनिनफारिना’ लिहावं. छायाचित्रातल्या जुन्या गाडीच्या बाजूच्या बिल्ल्यावर नाव तोडून असेल, तर गाडीचं वय अजमावायला तेवढी खूण बरेचदा पुरते.

उच्चारात इटालियनमधला ‘झेड’ या अक्षराचा जोड इथे ‘त्स’ असा आहे. मराठी माणसाला तो जड नाही, कारण ‘चाक’मधला दंत्य च जवळपास तोच. फक्त पुढे ‘ए’ आल्यामुळे ‘कारोच्चेरिया’ लिहिलं तर वाचणारा तो च ‘चेंडू’सारखा म्हणेल, म्हणून ‘कारोत्सेरिया’ हेच लेखन सरस. ‘पिझ्झा’ मराठीत रुळला, तो बदलू नये. ‘कारोझेरिया’ अजून रुळलेला नाही, तेव्हा आताच नीट लिहिता येईल. लिंग इटालियनमध्ये स्त्रीलिंगी आहे आणि मराठीतही ‘कंपनी’ला धरून ती कारोत्सेरिया म्हणायला हरकत नाही. अनेकवचनात रूप तसंच ठेवावं: ‘तोरिनोतल्या कारोत्सेरिया’.