वाचकांचे प्रश्न : रोमची लूट आणि तुंबलेला पगार

प्रश्न : १५२७ मध्ये रोम लुटणारी फौज कॅथलिक सम्राट पाचव्या चार्ल्सची होती. मग तिने पोपचेच शहर का लुटले? जर्मन शिपाई लूथरपंथी होते म्हणून? की प्रकरण आपल्या गारद्यांसारखे होते?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : धर्मद्वेष होताच, पण तेवढ्याने उलगडा होत नाही, कारण लुटीत कॅथलिक स्पॅनिश आणि इटालियन शिपाईही तितक्याच क्रूरपणे सामील होते. मूळ दुखणे तुंबलेल्या पगाराचे. लँडस्क्नेख्त, म्हणजे जर्मन भाडोत्री भालाईत, महिना ४ गुल्डनवर (जर्मन नाणे) चाकरी करी. पुढच्या रांगेतल्या अनुभवी गड्याला दुप्पट. पोट, कपडे, हत्यार, सगळे त्यातूनच. त्यांचा सरदार गेओर्ग फोन फ्रुंड्सबेर्ग असे सुमारे १२,००० जण घेऊन आल्प्स उतरला, आणि सम्राटाचा खजिना आटला. मार्च १५२७ मध्ये बोलोन्याजवळ बंड झाले. समजूत घालणाऱ्या फ्रुंड्सबेर्गवरच शिपायांनी भाले रोखले. त्याला तिथेच झटका आला आणि तो ड्रमवर कोसळला.

त्याच सुमारास पोप सातव्या क्लेमेंटने सम्राटाच्या प्रतिनिधीशी तह केला, फौजेसाठी ६०,००० डुकाट (सोन्याची नाणी) कबूल केले. शिपायांनी ते धुडकावले. पोपने मात्र तहावर विसंबून आपली माणसे कमी केली, ही त्याची घोडचूक. ६ मेच्या धुक्यात फौज शिड्या लावून तटावर चढली, जड तोफा सोबत नव्हत्याच. सेनापती बूर्बों शिडीपाशीच गोळी लागून पडला. शहर हाती आले तेव्हा फौजेला आवरणारा कोणी उरला नव्हता.

पुढची लूट म्हणजे मुख्यतः खंडणी. घरातला माणूस धरायचा, छळायचा, पुरलेले सोने काढून घ्यायचे, मग सुटकेचे पैसे घ्यायचे. स्पॅनिश टोळीला पैसे मोजले म्हणून जर्मन टोळी सोडत नसे. सम्राटाच्या बाजूचे कार्डिनल पिकोलोमिनीही यातून सुटले नाहीत.

एवढे करूनही बाकी फिटली नाही! लूट ज्याच्या हाती लागली त्याची, पगार मात्र सम्राटाकडून येणे बाकीच. ५ जूनला पोपने ४ लाख डुकाट कबूल केले, पण पूर्ण रक्कम उभी राहीना, म्हणून ओलीस घेतले. फेब्रुवारी १५२८ पर्यंत फौज रोममध्ये खितपत राहिली. प्लेगने हजारो शिपाई मेले.

गारद्यांशी साम्य आहे ते थकबाकीपुरते. १७७३ मध्ये पगाराची मागणी करत ते शनिवारवाड्यात घुसले, पण त्यामागे नारायणरावांविरुद्धचा घरचा कट होता. रोममध्ये असा कट रचणारा कोणी नव्हता. फौजच मालकाच्या हातून निसटली होती.