तिचं पोट खरंच दुखतंय

ताई, तुम्ही लिहिलंय की आठ वर्षांच्या लेकीचं पोट रोज संध्याकाळी बाबा यायच्या वेळेला दुखतं, ती पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली आहे आणि पेन्सिल पडली तरी ‘सॉरी बाबा’ म्हणते. बाबा तिला ‘बिनडोक’ म्हणतात, ‘वसतिगृहात टाकून येतो’ म्हणतात, पण हात उचलत नाहीत. म्हणून सासूबाई विचारतात, याला छळ कसं म्हणायचं?

म्हणायचं. एखाद्या दिवशी चिडून ओरडणं वेगळं. रोज तेच ऐकून मुलाला स्वतःच्या घरात धास्ती वाटायला लागली, की तो छळच. २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम ७५ मुलाला विनाकारण दिलेला मानसिक त्रासही गुन्ह्यात धरतं. फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांच्या १९९८ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात मानसिक छळ मारहाणीच्या बरोबरीने वेगळा मोजला होता, आणि बालपणी असे घाव जितके जास्त, तितकं मोठेपणी नैराश्य आणि हृदयविकारही जास्त आढळले.

आधी डॉक्टरांकडून पोट आणि लघवी तपासून घ्या, कारण संसर्ग किंवा मधुमेहानेही अंथरूण ओलं होतं. तपासणीत काही निघालं नाही, तरी ती ढोंग करते असं कुणाला म्हणू देऊ नका. भीतीने पोट खरंच दुखतं.

मी बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. वर्गात एक मुलगी होती, सुवाच्य अक्षर, कधी तक्रार नाही. पालकसभेत मी तिला ‘गुणी’ म्हटलं. ती माझा चेहरा बघून उत्तर बदलायची, हे दिसत असूनही मला त्याचा अर्थ लागला नाही. घरी काय चाललंय ते फार उशिरा कळलं. ते मला अजून सलतं, म्हणून एवढं लिहितेय.

आठ वर्षांचं मूल ‘बाबा चुकले’ असं मानू शकत नाही, कारण त्याचा सगळा आधार तिथेच असतो. मग ते ‘मीच वाईट’ असं ठरवतं. म्हणून ‘बाबांचं मनावर घेऊ नकोस’ एवढं पुरत नाही. ‘तुला भीती वाटली ना? त्यांनी तसं बोलायला नको होतं. तुझी चूक नाही,’ असं स्पष्ट सांगा, पुन्हा पुन्हा. मात्र खोदून विचारू नका. वेणी घालताना, शेंगा सोलताना, तुमची नजर तिच्यावर नसताना ती आपणहून बोलेल. ओली चादर न बोलता बदला.

नवऱ्याशी ती झोपल्यावर बोला. त्यांनीही लहानपणी हेच ऐकलं असेल, पण त्याने आजचं बोलणं माफ होत नाही. त्यांनी स्वतः तिला ‘मी चुकलो’ म्हणायला हवं, आणि पुढे ‘पण तूसुद्धा...’ जोडायचं नाही. ते थांबत नसतील तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस, १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. ‘मला जगायचं नाही’ असं काही ती बोलली, तर मात्र त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे न्या.

आणखी एक. घर शांत झाल्यावर काही आठवड्यांनी ती उलट बोलेल, हट्ट करेल, वस्तू आपटेल. सासूबाई म्हणतील, पोरगी बिघडली. तेव्हा तिच्या बाजूने उभ्या राहा. वस्तू आपटू नकोस हे जरूर सांगा, पण रागावल्याबद्दल शिक्षा करू नका. इतके दिवस तिला रागवायचीसुद्धा भीती वाटत होती.