साखरपुड्याच्या अंगठीशेजारी लग्नाचा बँड: सरळ घ्यावा की वळणाचा?

तुम्ही दिलेली माहिती अशी: साखरपुड्याची अंगठी १८ कॅरेट पांढऱ्या सोन्याची, सहा प्राँगमध्ये, म्हणजे हिरा धरून ठेवणाऱ्या धातूच्या नखांमध्ये, ६.५ मिमीचा एकच गोल हिरा, कडी (बोटाभोवतीचा गोल भाग) २ मिमी रुंद. शेजारी पूर्ण गोलात हिरे असलेला बँड, म्हणजे लग्नाची पट्टीसारखी अंगठी, हवी आहे. दुकानात सांगितलं की सरळ बँड घेतला तर मध्ये फट दिसेल, म्हणून हिऱ्याच्या घराला, म्हणजे हिरा बसवलेल्या धातूच्या भागाला, वळसा घालणारा बनवून घ्या. शिवाय बँड प्लॅटिनमचा चालेल का, हेही विचारलंय.

सरळ घ्या. पूर्ण गोलात हिरे नकोत. आणि फटीची धास्ती सोडा. ही फट दाखवून लोकांच्या गळ्यात काय काय मारतात ते दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं, म्हणून जरा लांबण लावतोय.

अंगठी सगळे वरून बघतात. शेजारी बँड बसेल का, हे मात्र बाजूनं बघायचं असतं. अंगठी अशी धरा की मधलं गोल भोक दिसणार नाही, फक्त कडीची रुंदी दिसेल आणि तिच्यावर हिरा. ६.५ मिमीचा हिरा बाहेरच्या प्राँगसकट मोजला तर साधारण ७ मिमी भरतो. कडी २ मिमी. म्हणजे दोन्ही अंगांना अडीच-अडीच मिमी घर कडीच्या बाहेर येतं. त्या छपराखाली बँड सरकतो की अडतो, एवढाच खरा प्रश्न आहे.

व्हर्निअरनं (बारीक मापं घ्यायच्या कॅलिपरनं) एक उंची मोजा: कडीच्या आतल्या बाजूपासून, म्हणजे जिथे बोट टेकतं तिथपासून, घराच्या बाहेर आलेल्या भागाच्या तळापर्यंत. साधा बँड १.६ ते १.८ मिमी जाड असतो. ही उंची २ मिमीच्या वर असेल तर बँड घराखाली शिरून थेट कडीला चिकटतो, फटीचा विषयच संपतो. दीड मिमी असेल तर अडतो. दुकानात मोजू देत नसतील तर त्याच जाडीचा कुठलाही साधा बँड मागून शेजारी लावून बघा, तेवढंही पुरतं.

अडवतं कोण, तेही बघा. ६.५ मिमीच्या गोल हिऱ्याचा कमरेखालचा भाग पावणेतीन-तीन मिमी खोल असतो. त्याचं टोक बोटाला लागू नये म्हणून घर फार खाली उतरवताच येत नाही. त्यामुळे हिरा क्वचितच आड येतो. आड येतं ते घराच्या तळाचं आडवं कडं. घर नरसाळ्यासारखं खाली निमुळतं होत गेलं असेल तर जागा आपोआप मिळते. टोपलीसारखं उभ्या भिंतींचं असेल तर नाही. १८८६ मध्ये टिफनीनं सहा प्राँगवर हिरा कडीच्या वर उचलून बसवला तो हिऱ्याला उजेड मिळावा म्हणून, पण शेजारच्या बँडचीही त्यात सोय झाली.

समजा अडलाच, तर फट किती? बँडच्या उंचीला घराची रुंदी ४ मिमी धरा, कडी २ मिमी. फरक २, निम्मा १. एक मिलिमीटर! तीही वरच्या बाजूला. तळहाताकडे दोन्ही अंगठ्या एकमेकींना टेकलेल्याच असतात. आणि हिऱ्याच्या अगदी शेजारी ती हिऱ्याखालीच झाकली जाते, दिसली तर खांद्यांपाशी, म्हणजे घराच्या दोन्ही बाजूंना कडीवर, रेघेएवढी. एवढ्यासाठी वाकडी अंगठी करून घ्यायची?

आता पूर्ण गोलातल्या हिऱ्यांबद्दल, कारण नुकसान खरं तिथे होतं. तुमच्या मनातली जोडी बहुतेक अशी असणार: सॉलिटेअर, म्हणजे एका हिऱ्याची अंगठी, आणि तिला खेटून असा बँड की दोन हिऱ्यांमध्ये एकच सामाईक प्राँग आणि कडेला धातूची भिंत नाही. वरून सगळा हिराच दिसतो, म्हणून तो खपतो. बाजूनं भिंगातून बघा: प्रत्येक हिऱ्याची कमर, गर्डल, उघडी बाहेर आलेली. मोहच्या काठिण्यश्रेणीत हिरा १०, सोनं अडीच ते तीन. मूठ मिटली, उघडली, पिशवी उचलली, की दोन्ही अंगठ्या एकमेकींवर किंचित सरकतात. प्रत्येक वेळी एक बारीक कानस फिरते. ती कानस बोथट होत नाही, हीच अडचण आहे.

आधी साखरपुड्याच्या अंगठीच्या कडीवर, बँड लागतो त्या बाजूला, खाचा पडतात. बँड फिरत राहतो, म्हणून खाचा वेगवेगळ्या राहत नाहीत, त्यांचा सलग चर होतो. मग पाळी प्राँगची. प्राँग जेमतेम एक मिलिमीटर जाड असतात आणि झिजतात ते टोकाशी नाही, बुंध्याशी, जिथे बँडचे हिरे पोचतात. वरून बघणाऱ्याला टोकं शाबूत दिसतात, म्हणून ‘अंगठी तपासून घेतली, सगळं ठीक आहे’ असं सांगून घरी पाठवतात. बुंधा अर्धा झाल्यावर स्वेटरचा एखादा धागा अडकायचा अवकाश, प्राँग बाहेर वाकतो. सहापैकी एक गेला तर हिरा टिकतो. शेजारशेजारचे दोन गेले तर नाही.

दुरुस्तीही सोपी नसते. टोकावर सोनं चढवून भागत नाही, कारण चर खाली आहे. लेझरनं भरायचा, नाहीतर हिरा काढून अख्खं घर बदलायचं. ज्योतीवर काम करायचं झालं तर हिऱ्याला बोरिक ॲसिडचा लेप लागतो, नाहीतर त्याचा पृष्ठभाग जळून धुरकट होतो. हाच लेप माणिक-नीलमवर लावला तर त्यांचं पॉलिश खातो. पाचू, ओपल, मोती यांच्याजवळ ज्योत न्यायचीच नाही. आणि तुमची अंगठी पांढऱ्या सोन्याची, त्यामुळे सगळं झाल्यावर पुन्हा रोडियम, म्हणजे पांढऱ्या धातूचा मुलामा. शिवाय पूर्ण गोलाच्या बँडचं माप बदलता येत नाही. कापून जोडायला मोकळा धातूच कुठे असतो? बोट मात्र बदलतं.

हिरे हवेतच तर चॅनलमध्ये घ्या, दोन सलग भिंतींच्या मध्ये, आणि फक्त वरच्या अर्ध्या भागात. भिंगातून भिंत अखंड दिसली पाहिजे, हिरा तिच्याबाहेर डोकावता कामा नये. खालचा अर्धा भाग साधा असला की माप थोडं बदलता येतं. थोडंच, म्हणजे परिघात दोन-तीन मिमी. त्याहून जास्त केलं तर कडीची गोलाई बदलते आणि हिरे सैल होतात. आणि अगदी पूर्ण गोलाचाच हट्ट असेल तर दोन्हींच्या मध्ये १ मिमीचं साधं वेढणं घाला. झीज ते सोसेल. खराब झालं की बदलायचं.

वळणाच्या बँडवरून डिझाइन करणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे. त्यांचं म्हणणं, स्क्रीनवर दोन्ही अंगठ्या मिठीत बसल्यासारख्या दिसतात. दिसतात. पण बोटावर हिऱ्याची अंगठी वरून जड असते, ती एका बाजूला कलते, आणि बँड तिच्याबरोबर तेवढाच फिरत नाही. वळण एकाच कोनात बसतं. जरा सरकलं की त्याचा उंचवटा थेट प्राँगवर चढतो. म्हणजे ज्या फटीमुळे प्राँग सुरक्षित होते ती बुजवून आपण धातूच त्यांच्यावर आणून ठेवला. मग उपाय काय सांगतात? दोन्हींना डाग देऊन जोडून टाका! जोडल्या की घासणं थांबतं, हे कबूल. पण माप बदलायचं तर दोन्हींचं एकदम, शिवणीत साबण आणि मळ साठतो, आणि वेगळ्या करायच्या तर कापून. आणि कामाच्या वेळी नुसता बँड घालायची सोय गेली ती गेलीच. वळणाचा बँड एकटा घातला तर तसाही विनाकारण वाकल्यासारखा दिसतो.

यावर ते म्हणतात, ग्राहकालाच फट नको असते. ग्राहकाला फट दिसते कारण कोणीतरी बोट ठेवून दाखवलेली असते.

प्लॅटिनमचं थोडक्यात. सोन्याशेजारी सोनं, तेही त्याच कॅरेटचं. १८ कॅरेटमध्ये हजारात ७५० भाग सोनं, २२ मध्ये ९१६, म्हणून २२ चा बँड मऊ पडतो आणि १८ च्या शेजारी लवकर झिजतो. प्लॅटिनमवर ओरखडा आला की धातू बऱ्याच अंशी बाजूला सरकतो, सोन्यावर आला की निघून जातो, त्यामुळे वर्षानुवर्षं घासत राहिल्यावर तोटा सोन्याच्या वाट्याला येतो. रंगही नंतर फसवतो: नवं रोडियम दिलेलं पांढरं सोनं आणि प्लॅटिनम शेजारी ठेवलं तर फार फरक कळत नाही, रोडियम झिजल्यावर सोनं पिवळसर दिसू लागतं. टंगस्टन कार्बाइड आणि सिरॅमिक तर सोन्याशेजारी अजिबात नको, दोन्ही कडक आणि दोन्हींचं माप बदलत नाही.

माप घेताना बहुतेक जण फसतात. २ मिमीची एक अंगठी बरोबर बसते म्हणून बँडही त्याच मापाचा मागवतात. दोन मिळून चार मिमी रुंदी झाली की बोटाला घट्ट वाटतं, परिघात अर्धा ते एक मिलिमीटर जास्त लागतो. पण एकट्या बँडचं माप वाढवलं तर तो मोठा होऊन लोंबतो आणि शेजारच्या कडीखाली तिरका घुसतो, म्हणून दोन्हींची मापं सारखीच हवीत. बारीक दोन साइझर (माप घ्यायच्या रिंगा) एकत्र घालून संध्याकाळी माप घ्या, सकाळी थंड हातांनी नाही. बँड आतून गोलसर घडवलेला असेल तर तो किंचित सैल बसतो, तेही धरा. आणि कडी दीड मिमीपेक्षा पातळ घेऊ नका, वाकते.

आता राहिलेल्या सवलती. तुमचं घर खरंच बसकं, उभ्या भिंतींचं असेल आणि फट २ मिमीच्या वर जात असेल, तर वळणाचा बँड घेण्यात गैर नाही. वळण उथळ ठेवा आणि अंगठी कारागिराच्या हातात देऊनच करून घ्या, फोटोवरून नाही. हिरा प्राँगऐवजी कोंदणात असेल तर वर प्राँगबद्दल लिहिलेलं बरंचसं तुम्हाला लागू नाही, कोंदणाची भिंत झिजायला पुष्कळ वेळ लागतो. आणि बँड फक्त समारंभाला घालणार असाल तर हवा तो घ्या, घासायला वेळच मिळणार नाही.

घेण्याआधी एक करा. सरळ साधा बँड दोन दिवसांसाठी मिळवा, त्याच रुंदीचा, चांदीचा असला तरी चालेल. साखरपुड्याच्या अंगठीची बँडकडची बाजू काळ्या परमनंट मार्करनं रंगवा, प्राँगच्या बुंध्यासकट. दोन्ही घालून रोजची कामं करा, मग भिंगातून बघा. कडीवरची शाई गेली असेल तर काळजी नाही. प्राँगच्या बुंध्यावरची गेली असेल तर हा बँड तिथे पोचतोय, त्या जागी हिरे आणू नका. उरलेली शाई स्पिरिटनं निघते.