स्वतःला स्त्रीवादी म्हणवणाऱ्या बाईने प्रेमकादंबऱ्या वाचाव्यात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. स्त्रीवादी विचार मानणाऱ्या बाईने प्रेमकादंबऱ्या वाचाव्यात का, आणि मैत्रिणींना कळू नये म्हणून पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घालणे हा दुटप्पीपणा आहे का. पहिलीचे उत्तर सोपे आहे : खुशाल वाचाव्यात. दुसरीने मात्र माझ्या जुन्या दुखण्यावर बोट ठेवले, कारण हा वाद आमच्या घरात जवळजवळ चाळीस वर्षे चालू आहे.

माझी आई नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या पुढच्या खोलीत वाचनालय चालवत असे. दुपारी तीननंतरची वेळ बायकांची. त्यांच्यातल्या एक काकू चार घरच्या पोळ्या करून येत, कणकेचे हात पदराला पुसल्याखेरीज पुस्तकाला शिवत नसत आणि दर वेळी एकच विचारत, "वहिनी, शेवट गोड आहे ना?" आई हो म्हणाली की पुस्तक पिशवीत जाई. वाचलेलेच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली होती. कुणी एकविसाव्या पानाच्या आकड्याखाली टिंब देई, कुणी बारीक फुली मारी. परत आलेली पुस्तके चाळून सुटी पाने खळीने चिकटवण्याचे काम माझ्याकडे असे.

१९८६ साली, मी अकरावीत असताना, अशाच एका पुस्तकात मला समासातले लिखाण दिसले. नायक नायिकेला नोकरी सोडायला सांगतो आणि ती म्हणते, "तुम्ही म्हणाल तसं." त्या ओळीशेजारी पेन्सिलीने लिहिले होते, "का?" त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "विचार की एकदा त्याला." आणि त्याच्याही खाली, शाळा लवकर सुटलेल्या हाताच्या सावकाश, गिरवल्यासारख्या अक्षरात, "विचारलं होतं. दोन दिवस बोलले नाहीत."

पहिल्या दोघी नायकाबद्दल बोलत होत्या, तिसरी स्वतःच्या नवऱ्याबद्दल. 'बोलले' या आदरार्थी क्रियापदावरून ते कळते. कादंबरीतल्या पुरुषाला अरेतुरे करता येते, घरातल्याला येत नाही. तक्रारसुद्धा अहोजाहो करूनच मांडायची.

मी ते पान धावत जाऊन ताईला दाखवले. ती तेव्हा एम.ए. करत होती आणि मोर्च्यांना जात होती. तिने पानाकडे नीट पाहिलेही नाही. "गुलामीचे धडे आहेत हे, आणि आई ते महिना दहा रुपयांना वाटते," असे ती म्हणाली. आई दारातच उभी होती. ती काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून ताई घरी यायची असली की ती पुस्तके फळीवरून आतल्या कपाटात जाऊ लागली. ज्या बाईने दीडशे बायकांना वाचती ठेवली, तिला स्वतःच्या लेकीपासून पुस्तके लपवावी लागली, हे मी आजही ताईला माफ केलेले नाही.

ताईचा आक्षेप असा की, या वाचनाने बाई सोसायला शिकते. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेने तिथल्या एका गावातल्या प्रेमकथांच्या नियमित वाचक स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलून १९८४ साली ग्रंथ लिहिला. त्या स्त्रियांसाठी कथेइतकीच वाचण्याची कृती मोलाची होती, कारण हातात पुस्तक असेपर्यंत तो वेळ नवऱ्याचा नसे आणि मुलांचाही नसे. नारायण पेठेतल्या काकूंनी वेगळे काय सांगितले असते? आपल्याकडे ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली पुण्यात छापलेल्या 'स्त्रीपुरुषतुलना' या पुस्तकात त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतल्या स्त्रीचित्रणाला चांगलेच फैलावर घेतले होते. न वाचता असे फैलावर घेता येत नाही.

शिवाय हा तुच्छतेचा न्याय सगळ्यांना सारखा लागत नाही. ना. सी. फडके प्रणयकादंबऱ्या लिहून १९४०च्या रत्नागिरी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांची पुस्तके कुणी कपाटात लपवली नाहीत. बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या प्रेमकथा मात्र 'दुपारचे वाचन' ठरल्या.

तेव्हा वाचा, पण कान उघडे ठेवून वाचा. नायिका त्याला काय म्हणते ते पाहा. कॉलेजातल्या प्रकरणांत "अरे, ऐक ना" म्हणणारी मुलगी लग्नाच्या प्रकरणानंतर "अहो" म्हणू लागते का, तो मात्र शेवटपर्यंत "तू"वरच राहतो का, तिचे वाक्य पुरे होते की टिंबांवर सुटते, हे पाहिले की लेखिकेची संसाराबद्दलची समजूत तिच्या भाषणांपेक्षा स्वच्छ दिसते.

एक मान्य केले पाहिजे. नायकाने थोबाडीत मारली आणि नायिकेला त्यातच प्रेम दिसले, अशी पुस्तके आईच्या फळीवरही होती आणि ती कोवळ्या मुलींच्या हाती पडत होती. माझ्याही पडली, आणि रागीट माणूस आतून हळवाच असतो ही समजूत मनातून जायला मला फार वर्षे लागली. या वाचनाने मिळणारा दिलासा घरातली व्यवस्था होती तशीच राहू देतो, अशी शंका रॅडवेनेही नोंदवली आहे. तेवढ्यापुरते ताईचे खरे आहे, आणि हे मी तिला सांगितलेही आहे.

कव्हराबद्दल माझे मत : काढून टाका. आईने वाचनालय बंद केले तेव्हा बहुतेक पुस्तके रद्दीत गेली, ते एक मी ठेवून घेतले. गेल्या दिवाळीत ताईला ते पान पुन्हा दाखवले. या वेळी तिने चष्मा लावून तिन्ही ओळी वाचल्या आणि विचारले, "तिसरी कोण होती गं?" मला ठाऊक नाही. आईला ठाऊक असावे, पण तेव्हा तिला कुणी विचारले नाही.