नळ आधी, बाटली नंतर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

कॉलेजात तू स्टीलच्या बाटल्या वाटल्यास आणि महिन्याच्या आत पोरं पुन्हा कँटीनमधून विकतचं पाणी घ्यायला लागली. ‘सर, यांना कशाचंच काही पडलेलं नाही,’ असं लिहिलंयस. पोरांवर ढकलू नकोस. घरून भरून आणलेली बाटली दुपारपर्यंत संपते. मग ती भरायची कुठे? तुझ्या तीन पानी पत्रात नळाचा उल्लेख एकदाही नाही!

नळ आधी, बाटली नंतर. हे मी नोकरीभर ओरडत आलो.

२०१६ च्या एप्रिलात आपल्या मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरून कृष्णेचं पाणी लातूरला गेलं. त्याच मिरज स्टेशनावर माणूस नळ ओलांडून स्टॉलवर बाटली घेतो. पाण्याचा तुटवडा नाही, तोटीवर विश्वास नाही. २०१९ च्या पुरात सांगली पाण्यात बुडाली होती आणि प्यायला पाणी नव्हतं. तेव्हा बाटल्यांचे बॉक्स आले, ते घेतलेच पाहिजेत. त्यावर वाद घालणाऱ्यांत मी नाही. मी बोलतोय ते कोरड्या, साध्या मंगळवारबद्दल.

मी होतो त्या कॉलेजात कूलर बसला. देणगीदाराचं नाव हातभर अक्षरांत. टाकी कोणी धुवायची, ते ठरलं नाही. पाण्याला वास यायला लागला आणि पोरं बरोबरच वागली, बाहेरून पाणी आणायला लागली. टाकी धुतल्याची तारीख भिंतीवर रंगवा, एवढंच मी प्रत्येक बैठकीत मागत होतो. मला ‘टाकीवाले सर’ म्हणायचे. शेवटी समितीतून नाव गेलं. लोक म्हणतात मी फार ताणलं. ताणलं नसतं तर तो विषय तिथे निघालाच नसता, हे कोणी म्हणत नाही. निवृत्त झालो तरी ती तारीख भिंतीवर आली नाही, हे मात्र अजून सलतं.

कायद्याकडेही बघत बसू नकोस. १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झालेल्या वस्तूंत प्लॅस्टिकचे ग्लास आहेत, स्ट्रॉ आहेत, पाण्याची बाटली नाही.

आता कामाचं. टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, मीटर दाखवून कोणी पाणी चांगलं म्हणालं तर हो म्हणू नकोस. त्या मीटरला जंतू दिसत नाहीत. ओटी टेस्ट कर, म्हणजे ऑर्थोटोलिडीन टाकून क्लोरीन तपासायची चाचणी. थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम सांगितलाय. टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, वासाने नाक मुरडणाऱ्यांना हे पोरांसमोरच करून दाखव. नळ एवढा उंच हवा की खाली बाटली उभी राहील. हे क्षुल्लक वाटेल, पण निम्मे कूलर इथेच नापास होतात. आणि पुढच्या वेळी बाटल्या घेशील तेव्हा हात आत जाईल अशा रुंद तोंडाच्या घे. झाकणातलं रबर काढून धुवायला सांग, वास तिथेच धरतो. तांब्याची कोणी आणली तर त्यात ताक, सरबत नको.

पण हे सगळं नळानंतर. वाटलेल्या बाटल्या कुठे जात नाहीत, घरोघरी फळीवर पडून असतील. तू आधी गच्चीवर चढ, टाकीचं झाकण उघडून आत बघ. गच्चीची किल्ली कोणाकडे असते ते विचार आणि मला कळव. तो माणूस किल्ली देत नसेल तर मी येतो.

तुझा,
टाकीवाले सर